साप निघाला त्या वर्षीचा बाजार

शाळेच्या पायरीवर मी जन्मात एकदाच बसलो, तेही बैल हरवला होता आणि शोधून शोधून पाय दुखले होते म्हणून. त्यामुळं बाजाराला काही नियम असतो का, असं कोणी विचारलं तर खरं म्हणजे मी तोंड उघडू नये. पण तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही. त्यापायी एका वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा जमिनीचा तुकडा जायची वेळ आली होती. तेवढं सांगतो.

आम्ही खरवईचे. बदलापूरच्या कडेचं गाव. पावसाळ्यात भात, आणि भात निघाला की ओहळाच्या कडेला जी ओल राहते तिच्यावर वाल आणि हरभरा. भाजी घरापुरती. विकायची कोणाला? शेजाऱ्याच्या परसातही तीच भाजी.

मग फाळणी झाली आणि अंबरनाथच्या पलीकडं लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या तिथं सिंधी माणसं आणून ठेवली. किती माणसं! पुढं त्याला उल्हासनगर नाव दिलं, पण आम्ही कॅम्पच म्हणायचो. आमच्या गावातून पाटी डोक्यावर घेऊन पहाटे निघालं, अंबरनाथच्या देवळाच्या अंगानं गेलं, की उन्हं तापायच्या आत पाच नंबर कॅम्प यायचा.

तिथं भाजी पहिल्यांदा नेली ती माझ्या बायकोनं. पालक नेला होता. पाटी भरलेली दिसावी म्हणून वर आंबट चुक्याच्या चार जुड्या टाकल्या होत्या. सिंधी बायकांनी पालक बाजूला सारला आणि चुक्यावर तुटून पडल्या. त्यांच्यात डाळ, पालक आणि चुका एकत्र घोटून भाजी करतात, तिला साई भाजी म्हणतात, आणि आंबट नसेल तर ती त्यांच्या घशाखाली उतरत नाही. बायको घरी येऊन म्हणाली, "त्यांना आंबट पाहिजे. चुका लावा."

ही अक्कल तिची. गावात मी ती माझी म्हणून सांगितली.

दोन वर्षं चुका विकला आणि माझ्या डोक्यात हवा शिरली. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी सुंभाची एक दोरी घेतली. बाजार चांगला गेला की एक गाठ, वाईट गेला की दोन. गाठी चाचपून चाचपून मी बाजाराचे कायदे काढले. काड्यापेटीच्या कारखान्यात पगार झाला की अंबरनाथची माणसं मासळीकडं पळतात, त्या दिवशी भाजी कमी न्यायची. अमावस्येनंतर चंद्र दिसला की सिंधी लोक गोड भात करतात, त्या दिवशी आंबट कोणी विचारत नाही. रेशन मिळालं की दुसऱ्या दिवशी हटकून डाळ शिजते, म्हणजे चुका जास्त न्यायचा. हे बरोबर होतं. पण माझा आणखी एक कायदा होता, की बाजाराला जाताना वहाण तुटली तर भाव चढतो. दोनदा तसं झालं होतं. तिसऱ्यांदा मी अंबरनाथला थांबून स्वतःच्या हातानं वहाण तोडली आणि अनवाणी कॅम्पात गेलो. भाव काही चढला नाही, पायात काटा मात्र चढला.

गावात मला सगळे "पंचांग" म्हणायला लागले. मला वाटायचं मानानं म्हणतात.

"काय पंचांग, उद्या किती नेऊ?"

"उद्या? उद्या दोन पाट्या ने डोळे मिटून."

बहुतेक वेळा खरं व्हायचं. ते खरं व्हायचं हेच वाईट झालं. त्या वर्षी भात निघाल्यावर वीस-एक घरांनी माझ्या सांगण्यावरून वाल सोडून चुका लावला. त्यात माझी बहीणही होती.

ती गावातच दिली होती, ओहळापलीकडच्या वाडीत. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. दीर होता. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्याची स्वतःची पाच तोंडं, आणि जमीन ती किती. ओहळाच्या कडेचा एक लांबट तुकडा माझ्या मेव्हण्याच्या हातचा होता. दीर म्हणाला, "वहिनी, यंदा तो तुम्ही करून बघा. शिमग्यापर्यंत त्यातून काही उभं राहिलं तर तुमच्याकडं राहू दे. नाय राहिलं तर मी वाल लावीन पुढच्या सालापासून. मग तुम्ही भावाकडं जायचं का काय ते बघा."

आमच्या घरी ती आली असती तर आम्ही काय तिला उपाशी ठेवणार होतो? माझी बायकोही तिला म्हणाली, "ये की गं. काळजी कसली?" तर ती म्हणाली, "वहिनी, तू देशील गं. पण मग भाकर थापताना मी विचारणार, किती थापू? मला विचारायचं नाय कोणाला."

एवढंच तिचं मागणं होतं. आणि ते तिनं माझ्या दोरीवर टांगलं. मी म्हटलं, "बाय, पूर्ण तुकडा चुका लाव. वाल कशाला? मी आहे ना."

आता साप.

मार्गशीर्षात बाजार ऐन भरात होता. चुका आदल्या सांजेला कापून, केळीच्या सोपटानं जुड्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा असा आमचा रिवाज. त्या ओल्या गारव्यात एक नानेटी जाऊन बसली असणार. नानेटी म्हणजे बिनविषारी साप, करंगळीएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. आमच्याकडं बायका त्याला खराट्यानं लोटतात. पण सापच तो.

कॅम्पात मी एका सिंधी शेठच्या दुकानासमोर बसायचो. बराकीच्या तोंडाला ताडपत्री बांधून त्याचं दुकान. डाळी, मसाले, चिंच आणि घरचे पापड. पापड त्याची बायको खाटेवर पांढऱ्या कापडावर वाळत घालायची. त्या दिवशी एक भरभक्कम सिंधी बाई घासाघीस करत होती. तिनं जुडी उचलली, उलटी केली, देठ बघायला. तर नानेटी सळकन तिच्या ओढणीवर.

बाई ओरडली नाही. शपथ. तिनं ओढणी झटकली, पायातली चप्पल काढली, सापाला गटाराकडं उडवलं आणि मग मला शोधायला लागली. मी कुठं होतो? मी पापडाच्या खाटेवर उभा होतो. वर कधी चढलो ते आजही आठवत नाही. पायाखाली कर्रकर्र वाजत होतं एवढं आठवतं. सगळा बाजार ओरडत होता, पण मला वाटतं आवाज सगळ्यात मोठा माझाच होता.

शेठ गल्ल्यावरून उठला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "साईं, उतर. साप गया. अब पापड पे तूही है."

बाईनं मला काय काय म्हटलं ते सिंधीत होतं म्हणून बरं.

बातमीचे पाय माझ्यापेक्षा जोरात. दुपारपर्यंत कॅम्पात नानेटी हातभर झाली होती. मी अंबरनाथला पोचलो तेव्हा चहावाला मला सांगत होता की पाच नंबरात नाग निघाला, फणा काढून. घरी पोचलो तर दारात चार बायका बसलेल्या आणि माझी बायको धुणं वाळत घालतेय. मला बघून एक बाई किंचाळली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्हाला साप चावला आणि तुम्ही मेलात असं कळलं," बायको म्हणाली. "ह्या रडायला आल्यात."

"आणि तू धुणं धुतेयस?"

"म्हटलं, खरंच मेले असतील तर पाटी तरी कोणी आणून देईल. पाटी आली की रडू."

हसलो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही हसलो. कॅम्पात एकाही बाईनं पालेभाजी घेतली नाही. चुका नाही, पालक नाही, मेथी नाही. पाटी दिसली की बायका पोरांना मागं ओढायच्या. पाच नंबरातून चार नंबरात, तिथून पुढं. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. वीस घरांचा चुका शेतात उभा, फुलावर यायला लागला. आणि गावाला ठाऊक की सल्लाही माझा आणि सापही माझाच.

"पंचांग, ह्या सापाची गाठ कुठं होती रे दोरीत?" पारावर एकानं विचारलं. त्या सांजेला मी दोरी आंघोळीच्या चुलीत घातली. सगळ्यांना सांगितलं, बाजाराला कायदा नाही. असता तर साप निघालाच नसता. सगळा नशिबाचा खेळ, आज आहे, उद्या नाही. मग लोकांनी चुका उपटायला घेतला. म्हशींना घातला, काही खड्ड्यात गेला. उपटायलाही मीच पुढं. सगळ्यात आधी माझा पट्टा मोकळा.

बहिणीकडं गेलो. ती बुडकीतून पाणी काढत होती. बुडकी म्हणजे ओहळाशेजारी खणलेला खड्डा, त्यात पाझर येतो. तिनं घडा खाली ठेवला.

"दादा, उपटू?"

"उपट बाय. आता काही राहिलं नाही."

"शिमगा दोन महिन्यांवर आहे."

मी तिच्याकडं बघितलंच नाही. म्हटलं, "आपलं घर आहेच." हे म्हणताना मला किती लाज वाटली ते सांगता येत नाही. तिला जे नको होतं तेच मी तिच्यासमोर धरत होतो.

ती म्हणाली, "त्या शेठचे पापड मोडलेस, त्याला भेटलास का परत?"

भेटलो नव्हतो. तोंड कुठं होतं? पण तिनं म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिच्याच शेतातल्या चुक्याच्या दोन जुड्या घेऊन गेलो. दुनियेतला एकच माणूस असेल जो साप निघालेल्या दुकानात माफी मागायला तीच भाजी घेऊन जातो.

शेठनं जुडी घेतली, सोपट सोडलं, पानं झटकली आणि आत बायकोला दिली. मला खाटेवर बसायला सांगितलं. मी जमिनीवर बसलो. खाटेवर बसायचा धीर झाला नाही.

म्हटलं, "शेठ, माफ करा. बाजाराचा काही भरवसा नाही. आम्ही दोन वर्षं कायदे काढले, एका सापानं सगळे खोटे केले."

तो हसला. त्याची मराठी अर्धी हिंदी होती, आमची हिंदी अर्धी मराठी. "खोटे कसे? सापानं काय खोटं केलं?"

"लोकांनी चुका घेणं बंद केलं."

"चुका बंद केला. खाना बंद किया क्या?" त्यानं चिंचेचं टोपलं पुढं ओढलं. तळाला दोन मुठी चिंच उरली होती. "ये देख. महिन्यात तीन वेळा भरलं. पहिले भाव क्या था, आज क्या है, विचार कोणालाही. तुझा चुका उतरला, माझी चिंच चढली. लोकांना आंबट पाहिजे ते पाहिजेच. इधर से नहीं मिला, उधर से लिया. मग कायदा मोडला कुठं?"

मी म्हटलं, "पण साप येणार हे कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. वो अलग बात है." एक गिऱ्हाईक आलं, त्याला जिरं बांधून दिलं. नंतर म्हणाला, "साईं, आमच्याकडं माझ्या बापाचं दुकान होतं धान्याचं. गहू कधी चढणार, कधी पडणार, मी वासावरून सांगायचो. चाळीस वर्षांत एवढं शिकलो. आणि एका सकाळी सगळं टाकून आगबोटीत बसलो. हे मला माहीत होतं? कोणत्या ज्योतिषाला माहीत होतं? तेव्हा मी पण तुझ्यासारखं बोललो, की आता दुनियेत कायदा राहिला नाही."

"मग?"

"मग बोट हलायला लागली. माझी बायको उलटी करते, माझी आई उलटी करते, सगळी बोट उलटी करते. आणि एक माणूस टोपलीत लिंबं घेऊन आला. सकाळी लिंबू पैशाला. दुपारी एका बाईनं एका लिंबासाठी नवी ओढणी दिली, मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी बंदर आलं. सगळे खाली उतरले. तोच माणूस बंदरावर लिंबं घेऊन उभा, ले लो, ले लो. कोई लेता नहीं. मी तिथं माझ्या ट्रंकेवर बसलो होतो, घर नाही, दुकान नाही, आणि मला हसू आलं. बायकोला वाटलं ह्याचं डोकं गेलं. मी म्हटलं, डोकं नाही गेलं. माझं सगळं गेलं, पण लिंबू तसंच चालतंय जसं गावात चालायचं."

मी विचारलं, "मग हे चुका परत घेतील?"

"घेतील. भीती संपली की घेतील."

"कधी संपेल?"

"ते मला विचारू नको. ते माहीत असतं तर मी बापाच्या दुकानात बसलो असतो."

एवढं सगळं त्यानं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात काय राहिलं? चिंच! घरी जाताना मी जवळजवळ पळतच गेलो. आमच्याकडं प्रत्येक घरात मीठ घालून चिंचेचे गोळे करून ठेवतात. मी घरोघर जाऊन गोळे मागितले. लोकांनी दिले, का दिले देव जाणे. पहिल्या दिवशी अर्धी पाटी नेली, हातोहात गेली. माझी मान परत ताठ. दुसऱ्या खेपेला दोन पाट्या भरल्या आणि बायकोच्या डोक्यावर एक, माझ्या डोक्यावर एक. कॅम्पात पोचलो तर कल्याणहून चिंचेची अख्खी ट्रक येऊन उभी. भाव वाढला हे काय एकट्या मलाच दिसलं होतं? बायकोनं ट्रककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पंचांग," ती म्हणाली, "आज काय तिथी आहे?"

पाट्या परत आणल्या. चिंच लोकांना परत द्यायला गेलो तर निम्म्या बायका आपला गोळा ओळखेनात आणि निम्म्या दुसरीचाच मोठा गोळा आपला म्हणायला लागल्या! शेवटी बराच माल आमच्याच घरी राहिला. त्या वर्षी आम्ही वरणात चिंच खाल्ली, भातात खाल्ली, मासळीत खाल्ली. पितळेची भांडी मात्र कधी नव्हती एवढी लखलखीत.

ह्या गडबडीत मी बहिणीला शेठचं बोलणं सांगायला चार दिवस लावले. ती खुरपत होती. तिनं अजून उपटलं नव्हतं. मी चिंचेचं रडगाणं गायलो. तिनं मधेच थांबवलं.

"थांब. तो काय म्हणाला ते पहिल्यापासून सांग. तुझं नको सांगू, त्याचं सांग."

सांगितलं. लिंबाचंही सांगितलं.

"म्हणजे ते अजून आंबट खातात."

"खातात की."

"आणि चुका कोणाकडंच नाय आता."

"नाही. सगळ्यांनी उपटला. मी सांगितलं म्हणून."

"मग मी का उपटू?"

ती उठली, विळा घेतला आणि चुका मुळाशी न उपटता दोन बोटं वर ठेवून कापायला लागली. फुलावर आलेला सगळा कापून म्हशीला. चुका असा कापला की परत फुटतो, पाणी मात्र रोज पाहिजे. पन्नास घडे सकाळी, पन्नास सांजेला. मी म्हटलं, "बाय, आणि शिमग्यापर्यंत भीती नाही गेली तर?"

"तर नाय गेली. तो शेठ पण नाय म्हणाला ना, कधी जाईल ते."

"मग एवढं पाणी?"

"मग काय करू? तुझ्या घरी येऊन भांडी घासू आतापासून?"

मी घडा उचलला. दोन दिवस मदत केली, तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. ती एकटीच ओढत राहिली.

शिमग्याला तीन आठवडे उरले तेव्हा कोवळा चुका परत हातभर झाला. ती म्हणाली, मीच नेते. मी बरोबर गेलो. कॅम्पात शिरलो तर एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून म्हणाली, "वो देख, सापवाला." बहिणीनं ते ऐकलं. म्हणाली, "दादा, तू बराकीमागं जाऊन बस. खोकू पण नको."

मी बसलो. फटीतून बघत होतो. तिनं शेठच्या दुकानासमोर, तोच कोपरा, पाटी ठेवली. पांढरं धडुतं अंथरलं. कोणी येईना. तिनं एक जुडी उचलली, सोपट सोडलं, आणि सगळी पानं धडुत्यावर एकेक झटकली. परत बांधली, बाजूला ठेवली. मग दुसरी. गिऱ्हाईक नसताना. ओरडली नाही, "घ्या घ्या" म्हटली नाही. नुसती सोडते, झटकते, बांधते. तासभर. शेठ गल्ल्यावरून बघत होता. मग एक म्हातारी आली, वाकून बघितलं, स्वतःच्या हातानं एक जुडी सोडून झटकली. आणि घेतली.

त्या दिवशी तीन जुड्या गेल्या. तीन. परत येताना मी तोंड पाडून चालत होतो, ती म्हणाली, "कालपर्यंत एक पण जात नव्हती." दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या-पाचव्या दिवशी ती भरभक्कम बाई आली, जिच्या ओढणीवर नानेटी पडली होती. बहिणीला काही म्हटलं, दोघी हसल्या. मला वाटतं माझ्यावरच. तिनं चार जुड्या घेतल्या आणि तिच्यामागून सगळ्या बराकीच्या बायका. आठवडाभरात पाटी पुरेना. बाजारात दुसऱ्या कोणाकडंच चुका नव्हता, त्यामुळं भाव तिनं सांगितला तो. अजूनही त्या बाजारात पालेभाजीवाल्या बायका जुडी सोडून, झटकून देतात. कोणी सुरू केलं ते आता कोणाला माहीत नाही.

मी शेठला म्हटलं, "तुमचा कायदा खरा झाला."

तो म्हणाला, "कायद्यानं की तिच्या हातानं, मला नाही कळत. पण भूक नसती तर झटकून काय झालं असतं?"

ह्यावर मी पुष्कळ वर्षं डोकं चालवलंय, जेवढं आहे तेवढं. भीती आणखी एक महिना टिकली असती तर? तर बहीण माझ्या घरी आली असती, किती भाकऱ्या थापू विचारत. आणि शेठचं बोलणं तरीही खरंच राहिलं असतं. लोकांनी पुढं कधीतरी आंबट खाल्लंच असतं. तिला काय उपयोग? कायदा असतो ह्याबद्दल माझं आता दुमत नाही. एका सापानं तो मोडत नाही. पण तो आपल्या बहिणीचा शिमगा बघून चालत नाही, हे मला दोरीच्या गाठीत कधी सापडलं नव्हतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी दीर आला. मीही तिथं होतो, मुद्दाम. तुकडा नुकताच कापलेला, जमिनीवर नुसते खुंट.

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वहिनी, हे काय? नुसते खुंट?"

"खुंट नायत भावजी. तिसऱ्यांदा फुटतायत."

"ऐकलं मी. चांगलं गेलं म्हणतात यंदा." तो खाली बसला, माती चिमटीत घेऊन बघितली. "पण पुढच्या साली परत काही निघालं तर? साप नाय तर विंचू. बाजार परत बसला तर काय खाणार? वाल घरात तरी असतात."

मी तोंड उघडणार होतो. बहिणीनं माझ्याकडं असं बघितलं की मिटलं.

"बसेल की," ती म्हणाली. "परवाच्या साली तुमच्या वालाला कीड लागली. सगळे गेले. आधी कधी लागली होती का तशी?"

"नाय."

"मग गेल्या साली लावलेत ना तुम्ही परत?"

तो खुंटावरच्या एका कोंबाला बोट लावत राहिला.

"निम्म्यात वाल लावा," तो शेवटी म्हणाला. "माझ्यासाठी नाय. तुमच्या घरात पाहिजेत म्हणून."

"लावते. ओहळाकडच्या बाजूनं लावते." मग तिनं पदर खोचला. "भावजी, तुमचे बैल अर्धा दिवस मिळतील? वरचा माळ पडीक आहे, तोही जरा उकरून बघते."

दीर उठला. पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्याला. "जागा पण तुम्हाला, बैल पण तुम्हाला. मग मी काय करू?"

"पाणी काढा," ती म्हणाली.

मला वाटलं आता हा चिडतो. पण शिमगा झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो बुडकीत गुडघाभर उतरलेला, खालून घडे भरून वर देतोय, आणि बहीण ओळीनं ओतत चाललीय. मला बघून म्हणाला, "पावणं, उभे काय राहिलात? घरातून दुसरा घडा आणा, लवकर संपेल."

मी धावत गेलो, आणला. त्याला खाली बारीक भोक होतं. अर्ध्या वाटेवर माझं धोतर भिजलं आणि चुक्यापर्यंत थेंब पोचला नाही, पण दोघंही एवढे हसले की मी तोच घडा दिवसभर वाहिला.